जमिनीचा दावा टाकला, आता आरोग्याचा



वनहक्काचे दावे भरताना आपण एक गोष्ट चांगली शिकलो. कागद कधीच एका टेबलावर नसतो. जुनी दंडाची पावती जंगलखात्याकडे, नकाशा मोजणीवाल्याकडे, जातीचा दाखला तहसीलमध्ये आणि म्हाताऱ्यांची साक्ष आपल्याच ओट्यावर. हे सगळं गावानं एका फायलीत आणलं तेव्हा कुठं दावा उभा राहिला. आजारपणाचंही असंच आहे. पण त्याची फाईल आपण आजवर केलेली नाही. या अंकात आम्ही ती फाईल तुमच्यापुढं ठेवतो आहोत. पाड्यात वाचून दाखवा, भांडा, खोडा, दुरुस्त करा.

श्रावणात एखादं पोर दगावतं. वहीत कारण लिहितात, न्यूमोनिया किंवा जुलाब. ते खोटं नसतं, पण त्या पोराची गोष्ट मागच्या दिवाळीपासून सुरू झालेली असते. आई चार-पाच महिन्यांची गरोदर असताना नवऱ्यानं मुकादमाकडून उचल घेतली. दोघं वीटभट्टीवर गेली, भिवंडीकडं नाहीतर वसईकडं. इथल्या सिस्टरच्या वहीत तिचं नाव लागलं नाही, तिथल्या वहीत तर कुणी विचारलंच नाही. धनुर्वाताची सुई नाही, रक्तवाढीच्या गोळ्या नाहीत. पोर झालं तेच चिमणीएवढं. पावसाच्या तोंडावर घरी आली तर अंगणवाडीच्या यादीत पोराचं नाव नाही. आषाढात कणगी रिकामी, रेशनचं धान्य डेपोपर्यंत आलं की नाही ते कुणी सांगत नाही. आई आवणीला गेली, पोर सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. विहिरीत वरचं पाणी उतरलेलं. जुलाब लागले. ओढ्याला पूर, सिस्टर पलीकडं, आपण अलीकडं. मग डोली. एवढ्या सगळ्यात डॉक्टरच्या वाट्याला शेवटचे चार तास येतात, आणि आपण शिव्या मात्र त्यालाच घालतो.

डॉक्टरांची बाजू घ्यायची म्हणून हे लिहीत नाही. गैरहजर राहणाऱ्या डॉक्टरवर आपण मोर्चा नेला आहे, पुढंही नेऊ. पण डॉक्टर चोवीस तास हजर राहिला तरी वर सांगितलेलं पोर वाचेल का, याचं उत्तर प्रत्येक पाड्यानं स्वतःला द्यावं. आरोग्यखातं म्हणतं, कुपोषण अंगणवाडीचं काम. अंगणवाडीवाले म्हणतात, आईबाप घेऊन जातात त्याला आम्ही काय करू. पंचायत समिती म्हणते, कामाची मागणीच आली नाही. बांधकामवाले म्हणतात, साकव बांधतो, पण जागा जंगलची. आणि जंगलखातं म्हणतं, वरून परवानगी आणा. पोर एकच, पण ते पाच खात्यांत वाटलेलं.

१९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत शंभराच्या वर लेकरं गेली. मंत्री आले, जीपगाड्या आल्या, पेपरात फोटो आले. १९९५ साली सरकारनं नवसंजीवन योजना काढली. त्यामागचा विचार बरोबर होता. आरोग्य, धान्य, रोजगार, पाणी हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बघावं, असं त्यात आहे. पण बैठक भरते जिल्ह्याला, नाहीतर तालुक्याला. पंख्याखाली. तिथं पाड्याचा माणूस खुर्चीवर बसलेला आम्ही काही पाहिला नाही.

म्हणून आमचा पहिला प्रस्ताव असा की बैठक उलटी करायची. साहेबांनी पाड्यात यायचं. वर्षातून तीनदा: पावसाच्या आधी, भादव्यात आणि दसऱ्याच्या अगोदर, म्हणजे माणसं भट्टीवर जाण्यापूर्वी. डॉक्टर, सिस्टर, आशाताई, अंगणवाडीताई, सुईण, भगत, ग्रामसेवक, रेशन दुकानदार, आश्रमशाळेचे हेडमास्तर, बीटचा गार्ड, सगळे एकाच चटईवर. मधे एकच वही. वहीत पाड्यातली गरोदर बाई, लहान पोरांची वजनं, टीबीचा आणि सिकलसेलचा माणूस, कुणाच्या घरी कोणत्या महिन्याचं धान्य आलं, कोण कुठल्या भट्टीवर जाणार. वही आशाताई आणि पाड्यातला लिहिता येणारा एक पोरगा किंवा पोरगी ठेवेल. वही वाचून झाली की ज्यानं त्यानं आपण काय करणार ते बोलायचं आणि खाली सही करायची. पुढच्या बैठकीत आधी जुन्या सह्या वाचायच्या. मोठी योजना म्हणून कुणी घाबरू नये. एवढीच आहे.

भट्टीच्या पानावर आमचा जोर जास्त आहे. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सिस्टरनं चिठ्ठी द्यावी: गरोदर बाईचा महिना, पोराच्या लशी, शेवटचं वजन. मुकादमाचं नाव आणि भट्टीचं गाव वहीत राहावं. तिथल्या अंगणवाडीत चिठ्ठी दाखवायची. सुरुवातीला हाकलतील, माहीत आहे. पण एका भट्टीवर वीस चिठ्ठ्या निघाल्या की तिथल्या साहेबाला उत्तर द्यावं लागेल. आणि खरं औषध म्हणजे गरोदर बाईच्या घराला इथंच काम मिळणं. रोजगार हमीत मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. पाच किंवा जास्त लहान पोरं कामावर असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई लावायची, तिला मजुरी द्यायची, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. पाण्याची कामं आणि वाटेचं कामही त्यातून होतं. तेव्हा कामाची मागणी हा आरोग्याचाच अर्ज समजा, आणि पोचपावती घेतल्याशिवाय देऊ नका.

आता जागेचं. जंगलाची जमीन म्हणून दवाखाना नाही, अंगणवाडीला भिंत नाही, वाट नाही, असं आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं. वनहक्क कायदा २००६ यातलं कलम ३(२) नीट वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याच्या पाण्याची पाईपलाईन, लहान तळं, रस्ता अशा तेरा गोष्टींसाठी जंगलजमीन देता येते. प्रत्येक कामाला जागा एक हेक्टरपेक्षा कमी, झाडं हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त तोडायची नाहीत, आणि शिफारस ग्रामसभेची पाहिजे. ग्रामसभेची म्हणजे आपली. आपण शेताचे दावे टाकले, सामूहिक हक्काचे टाकतो आहोत, पण हे कलम बहुतेक पाड्यांनी अजून हातातच धरलेलं नाही. ज्या ओढ्यावर डोली अडते त्या ओढ्यावरच्या साकवाचा ठराव हा या वर्षीचा पहिला ठराव असावा, असं आम्हाला वाटतं.

मागायला आधार भरपूर आहे. आदिवासी भागात ३,००० माणसांमागं एक उपकेंद्र आणि २०,००० मागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा सरकारचाच हिशोब आहे. आपल्याकडं ३,००० माणूस म्हणजे दोन-तीन डोंगरांवर सांडलेले पाडे, हे त्या हिशोबात धरलेलं नाही, ते आपण धरायला लावू. सहा वर्षांखालची ४० पोरं असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीनं मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची, असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २००६ चा हुकूम आहे. आरोग्य अभियानातून गावच्या आरोग्य समितीला पैसे येतात, उपकेंद्राला वेगळे. ते पैसे कशावर खर्च झाले हे ग्रामसभेत विचारा. रागानं नको, पण विचारा. विहिरीत पावडर, वजनकाटा, रात्री गाडीला डिझेल, यातलं काय पहिलं ते पाडा ठरवेल.

यावर आपल्यातच दोन कुरकुरी आहेत. त्या लपवत नाही.

काही जुने कार्यकर्ते म्हणतात, "ही एनजीओची कामं झाली. आपण जमिनीसाठी लढतो, गोळ्या वाटायला नाय." त्यांना दल्ली-राजहराची आठवण देतो. छत्तीसगडमधल्या त्या लोखंडाच्या खाणीतल्या मजुरांच्या संघटनेनं, शंकर गुहा नियोगींच्या पुढारपणाखाली, १९८३ साली स्वतःचं शहीद हॉस्पिटल उभं केलं. मजुरांनी पैसे घातले, अंगमेहनत घातली. त्यामुळं त्यांचा लढा मऊ पडला असं कुणी म्हणू शकत नाही. आणि आपलंच बघा. शेवळं, कुर्डू, कंद, नदीतले मासे, मोहाचं तेल हे सगळं जंगलातून ताटात येतं. गार्ड बाईची पाटी हिसकावतो तेव्हा तो पोराच्या वजनातून हिसकावतो. जमीन आणि आरोग्य हे दोन मोर्चे नाहीत.

दुसरी कुरकुर सुईणी आणि भगतांची आहे. तिला मान देऊन बोलायला हवं. कित्येक वर्षं सरकारी माणसं पाड्यात आली की त्यांना अडाणी म्हणून गेली. ज्या सुईणीच्या हातावर अर्धा पाडा जन्मला तिला कागदावर अंगठ्यापुरतीही जागा नाही. आमचं म्हणणं, ती चटईवर पहिल्या रांगेत बसेल. बाई अडली तर गाडी कधी बोलवायची हे तिच्याइतकं लवकर कुणाला कळतं? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली: ऊब, अंगावरचं दूध, श्वास मोजणं, जंतुदोष ओळखून औषध देणं. तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी कमी झाले. मोठी मशीन नव्हती. पण शिकवणारे डॉक्टर होते आणि गावानं बायांना परवानगी दिली होती, ही दोन्ही टोकं जुळली म्हणून झालं.

भगतांना आमची विनंती एवढीच. दाणे पाहा, देवाला सांगा, त्यात आम्ही पडणार नाही. पण घोणस, मण्यार किंवा फुरसं चावलं असेल तर आधी माणूस गाडीत घाला, मंत्र गाडीत म्हणा. विषावरची लस दवाखान्यातच आहे. ती दवाखान्यात कायम असली पाहिजे याची सही आपण डॉक्टरकडून घेऊ. टीबीच्या माणसानं गोळ्या अर्ध्यात सोडू नयेत, हे भगतानं सांगितलं तर तो ऐकेल, सिस्टरनं सांगून ऐकत नाही.

हा अंक डॉक्टर आणि सिस्टर यांच्याकडंही जाणार आहे, म्हणून त्यांनाही चार शब्द. सिस्टर, तुम्ही एकट्या बाई, पावसात बारा पाडे फिरता, राहायला धड खोली नाही, दार लागत नाही. ती खोली दुरुस्त करायला पाडा श्रमदान करेल, हे आमच्या ठरावात आहे. डॉक्टरसाहेब, चटईवर तुम्हाला आरोपी म्हणून बोलावत नाही. लस संपली, गाडी बंद आहे, हे तुम्ही वर लिहिता तेव्हा कुणी वाचत नाही. त्याच कागदाला ग्रामसभेचा ठराव जोडला तर वाचावं लागतं. तुमचा कागद आणि आमचा ठराव एकत्र जाऊ द्या.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय फक्त वाचून घ्यायचा आणि नोंदवायचा. अर्धं गाव भट्टीवर असताना केलेला ठराव टिकत नाही, आणि तो आपल्यालाही नको. माणसं परतली की पाड्यापाड्यात सभा घ्या, बाया निम्म्या तरी असल्या पाहिजेत. ठरावाचा नमुना शेवटच्या पानावर छापला आहे. त्यात साकवाची, अंगणवाडीची, उपकेंद्राची जागा स्वतः पाहून, गट नंबर किंवा कंपार्टमेंट नंबर घालून लिहा. तीन प्रती करा: एक ग्रामसेवकाला पोच घेऊन, एक आरोग्य केंद्रात, एक संघटनेच्या कार्यालयात. ज्या पाड्याला ही योजना मान्य नाही त्यांनी तसं लिहून पाठवावं, कारणासकट. ते पुढच्या अंकात छापू. मृगाच्या आधी सगळ्या प्रती हातात आल्या पाहिजेत, कारण त्यानंतर ओढे उतरू देत नाहीत.