पत्रकाराची सुरक्षितता : प्रश्न श्रमाचा आहे

१ जानेवारी २०२५ रोजी छत्तीसगढमधील बिजापूर येथून मुकेश चंद्राकर हे तरुण पत्रकार बेपत्ता झाले. दोन दिवसांनी एका कंत्राटदाराच्या आवारातील सेप्टिक टाकीत त्यांचा मृतदेह सापडला. बस्तरमधील रस्त्याच्या कामातील भ्रष्टाचार त्यांनी उघडकीस आणला होता. त्यापूर्वी फेब्रुवारी २०२३ मध्ये कोकणात राजापूर येथे शशिकांत वारिशे मोटारीखाली चिरडले गेले. बारसूच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या समर्थकाविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी प्रसिद्ध झाली होती.

अशा घटनांनंतर सत्ताधारी शोक व्यक्त करतात आणि कायद्याकडे बोट दाखवितात. महाराष्ट्राने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्याविरुद्ध तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा कायदा केला. छत्तीसगढ विधानसभेने २०२३ मध्ये पत्रकार संरक्षण विधेयक संमत केले. हे कायदे हवेतच. पण बिजापूरच्या पत्रकाराला ते वाचवू शकले नाहीत, हे विसरता येणार नाही.

तालुक्याच्या गावचा वार्ताहर बहुधा बातमीगणिक तुटपुंज्या मानधनावर राबतो. त्याच्यापाशी ना नियुक्तिपत्र, ना विमा. शिवाय जाहिराती मिळविण्याचा बोजा त्याच्याच माथी असतो. ज्या कंत्राटदाराची लबाडी उघड करायची, त्याच्याच दारी जाहिरातीसाठी उभे राहायचे! या कोंडीतून येणारी भीती आणि निद्रानाश यांना मनाचा दुबळेपणा म्हणणे हा मालकवर्गाचा कावा आहे. ते श्रमाच्या परिस्थितीचेच फळ आहे.

देशभरातील वृत्तांचे मराठी भाषांतर करणे हे प्रस्तुत लेखकाचे काम. हत्येचे वृत्त शब्दाशब्दाने उतरविताना त्याचा भार मनावर राहतो. मग घटनास्थळी उभ्या असलेल्या सहकाऱ्याचे काय होत असेल? त्याच्या मनःस्वास्थ्याची तजवीज किती वृत्तपत्रे करतात?

१९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने चार आठवड्यांत १४४ तासांची मर्यादा घातली होती आणि वेतनमंडळाची तरतूद केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या आणि पत्रकारांसाठीचे स्वतंत्र वेतनमंडळ इतिहासजमा झाले. संरक्षणाची भाषा बोलणाऱ्या सरकारची ही करणी आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : प्रत्येक वार्ताहरास नियुक्तिपत्र, निश्चित वेतन आणि विमा, जाहिरातीच्या सक्तीतून मुक्तता, आघातानंतर सवेतन रजा आणि मालकाच्या खर्चाने मानसोपचार. एकट्या वार्ताहराला धमकावणे सोपे असते. त्याच्यामागे संघटना आणि कष्टकरी जनता उभी राहिली, तरच त्याची लेखणी निर्भय राहील.