आधी संप, मग कायदा

“जमीन कुळकायद्याने मिळाली. संपाने काय दिलं? सहा वर्षांची उपासमार!” चरीच्या संपाबद्दल हे अलिबाग तालुक्यातच ऐकू येतं, आणि तेही ज्यांच्या सातबाऱ्यावर त्या संपामुळे आजोबांचं नाव चढलं त्यांच्या तोंडून. याचंच वाईट वाटतं.

उपासमार झाली, हे नाकारायचं कारण नाही. २७ ऑक्टोबर १९३३पासून १९३९पर्यंत चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी खोतांच्या शेतात नांगर घातला नाही. रानातली लाकडं विकून, खाडीत मासळी धरून घरं चालवली. पण त्याआधी ही माणसं पोटभर जेवत होती का? खळ्यावर मळणी झाली की मक्त्याचं भात आधी खोताकडे जायचं, मग कर्जात. कणगीत उरलेलं वर्षभर पुरत नसे. उपास जुनाच होता. या वेळी तो कुळांनी स्वतः ठरवून केला, आणि खोताचं खळंही रिकामं ठेवलं.

“नारायण नागू पाटलांनी भोळ्या लोकांना भडकवलं,” असंही संपाच्या या नेत्याबद्दल म्हणतात. असं म्हणणाऱ्याने खाडीकाठच्या या खारेपाटाची शेती पाहिलेली नसावी. बांधाला खांड पडली की उधाणाचं खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन काही वर्षांसाठी नासते. मग ओहोटीच्या तेवढ्या वेळात अख्खा गाव रांगेत उभा राहून चिखलाची ढेपं हातोहात पुढे देतो. एकट्याने बांध राहत नाही, हे तिथे पोरालाही कळतं. अशी माणसं कुणाच्या एका भाषणावर सहा वर्षं चूल थंड ठेवणार नाहीत.

आता कायद्याचं. खोती रद्द करण्याचं विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं १७ सप्टेंबर १९३७ला, संपाचं चौथं वर्ष सरत असताना. १० जानेवारी १९३८ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. कुळांना संरक्षण देणारा कायदा १९३९चा, कुळकायदा १९४८चा, खोती गेली १९४९च्या कायद्याने. तारखांचा क्रम एवढा स्पष्ट असताना श्रेय फक्त कायद्याला कसं द्यायचं?

उरणलाही तेच घडलं. बंदरासाठी जमिनी जात होत्या. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं ते त्यानंतर.