पाच टक्क्यांचा हिशेब

व्यापारी घरात रोजमेळ रात्री मिळवला जातो आणि एक रुपयाचा फरक निघाला तरी दिवा मालवत नाही. त्याच घरात ऑनलाइन खरेदीच्या क्रेडिट कार्डाची निवड मात्र पुष्कळदा विक्री प्रतिनिधीच्या दूरध्वनीवर होऊन जाते. ‘पाच टक्के परत’ एवढे शब्द कानी पडले की पुढची अटींची पाने कोणी उलटत नाही.

मुळात ही रक्कम येते कोठून, हे व्यापाऱ्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार? ग्राहकाने दुकानात कार्ड वापरले की विक्रीतून एमडीआर कापला जातो, आणि बँक ग्राहकाला जे देते त्याचा एक भाग त्यातूनच निघतो. परंतु तेवढ्याने पाच टक्के भरून निघत नाहीत. उरलेला भार कधी संकेतस्थळ उचलते, कधी वार्षिक शुल्क, आणि बराचसा उचलतो तो वेळेवर पूर्ण बिल न भरणारा दुसरा कार्डधारक.

2025 च्या मध्यास प्रचलित असलेल्या अटी घेऊन तीन कार्डांची तुलना करता येईल. अॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला शुल्क नाही. अॅमेझॉनवरील खरेदीवर प्राइम सदस्यास 5 टक्के, इतरांस 3 टक्के, आणि अन्यत्र साधारणपणे 1 टक्का मिळतो. फ्लिपकार्ट अॅक्सिस कार्डाचे वार्षिक शुल्क 500 रुपये. फ्लिपकार्टवर 5 टक्के, पण जून 2025 पासून त्याला तिमाहीस 4,000 रुपयांची मर्यादा. तिसरे कॅशबॅक एसबीआय कार्ड सप्टेंबर 2022 मध्ये आले. ते कोणत्याही एका संकेतस्थळाशी बांधलेले नाही. ऑनलाइन खरेदीवर 5 टक्के, दुकानातील खरेदीवर 1 टक्का, शुल्क 999 रुपये अधिक जीएसटी, आणि वर्षात 2 लाखांचा खर्च झाल्यास ते शुल्क माफ.

आता एक कुटुंब घ्यावे. वर्षाची ऑनलाइन खरेदी 1,20,000 रुपये. निम्मी अॅमेझॉनवर, निम्मी इतरत्र. पहिल्या कार्डावर प्राइम सदस्य असल्यास 3,000 आणि 600 मिळून 3,600 रुपये जमा. तिसऱ्या कार्डावर 6,000 जमा, त्यातून शुल्काचे जीएसटीसह 1,179 वजा, म्हणजे 4,821. तिसरे सरस ठरले. परंतु खरेदी 60,000 वर आली आणि त्यातील 50,000 अॅमेझॉनवर असली, तर पहिले 2,600 देते आणि तिसरे शुल्क जाता 1,821. कार्ड तेच, अट तीच. बदलली ती घराची सवय. निवड कार्डांच्या यादीवरून नव्हे, तर मागील बारा महिन्यांच्या बिलांवरून करावी लागते ती यासाठीच.

प्राइमचे सदस्यत्व केवळ वाढीव 2 टक्क्यांसाठी घेणाऱ्यांनी आणखी एक भागाकार करावा. वार्षिक वर्गणी 1,499 रुपये धरली, तर ती निव्वळ कॅशबॅकमधून वसूल होण्यास अॅमेझॉनवर जवळजवळ 75,000 रुपयांची खरेदी व्हावी लागते. घरपोच सेवा वा चित्रपट हवे असतील, तर गोष्ट वेगळी.

मोठी गफलत होते ती वगळलेल्या खर्चांत. कॅशबॅक एसबीआय कार्डाने मे 2023 पासून दागिने, विमा, वीजबिल आणि शाळेची फी यांवरील परतावा बंद केला. इंधन व घरभाडे बहुतेक कार्डांवर वर्ज्यच असते. व्यापारी कुटुंबाच्या वर्षातील ठळक रकमा नेमक्या याच रकान्यांत पडतात. एकूण खर्चावर पाच टक्के लावून स्वप्न पाहणाऱ्याच्या हाती मग किराणा, कपडे आणि चपला यांवरील परतावा तेवढा उरतो.

दुकानासाठी लागणारा छपाईयंत्रासारखा जिन्नसही हल्ली घरच्या कार्डावर मागवला जातो. 23,600 रुपयांच्या यंत्रावर 5 टक्के म्हणजे 1,180 रुपये परत आल्याचा आनंद होतो. पण बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकाशिवाय घेतले असेल, तर 3,600 रुपयांचे इनपुट क्रेडिट हातचे गेले. शिवाय व्यक्तिगत कार्डावर व्यापारी माल सातत्याने घेतल्यास बँक परतावा नाकारू शकते, ही अट बहुधा बारीक अक्षरांत असते.

सर्वांत महाग प्रकरण व्याजाचे. 5 जूनला 40,000 ची खरेदी झाली, 20 जूनला बिल निघाले, 10 जुलैच्या मुदतीस 30,000 भरले आणि 10,000 मागे ठेवले. पुष्कळांची समजूत अशी की, व्याज त्या 10,000 वरच लागेल. बँकांच्या अटीपत्रांतील प्रचलित रीत निराळी आहे: पूर्ण 40,000 वर खरेदीच्या दिवसापासून व्याज धरले जाते. दरमहा साडेतीन, म्हणजे वार्षिक 42 टक्के दराने 35 दिवसांचे 1,611 रुपये. उरलेल्या 10,000 वर पुढील बिलापर्यंतचे 115. त्यावर 18 टक्के जीएसटी. बेरीज 2,037. त्याच खरेदीवर पाच टक्क्यांनी मिळालेले होते 2,000. शिवाय बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

या दराला 30 टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. त्यामुळे त्या आधारावर दाद मागण्याचा मार्ग आता उरलेला नाही. बँकखात्यातून पूर्ण बिलाची आपोआप वसुली लावून ठेवणे हाच एक उपाय. ती लावताना ‘किमान रक्कम’ हा पर्याय निवडला जात नाही ना, हे मात्र डोळ्यांनी पाहावे.

आणि न परवडणारे कार्ड घरात पडून असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, बाकी चुकती असल्यास, विनंती मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद करावयाचे असते. विलंब झाल्यास दर दिवसास 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. पुढील वर्षाचे शुल्क लागण्यापूर्वी महिनाभर आधी ही विनंती ई-मेलने करावी आणि त्याची प्रत जपून ठेवावी.