तपासणीच्या वेळी न लागणारा दम

भाताच्या भंडारा जिल्ह्यात, शहापूरसारख्या गावात मळणीची धूळ उडाली की कुणाला रात्री दम लागतो. सकाळी दवाखान्यात मात्र छाती साफ असते आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच ऐकून परतावे लागते. पण दम्यात श्वासनलिका अधूनमधून आवळतात. दोन झटक्यांमधली स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून केलेली श्वासाची तपासणीसुद्धा नॉर्मल येऊ शकते. त्या घटकेची तपासणी रुग्णाला खोटे ठरवत नाही.

डॉक्टरांपुढे गर्दी असते, धाप कधी भीतीनेही लागते, हे खरेच. म्हणूनच नोंद हवी. फुंकरीचा वेग मोजणाऱ्या, विजेविना चालणाऱ्या पीक फ्लो मीटरमध्ये दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे लिहावेत. प्रौढांत रोजचा सरासरी चढउतार १० टक्क्यांहून अधिक असेल, तर दम्याची शंका बळावते. रुग्णांनी वही ठेवावी आणि डॉक्टरांनी ती वाचावी, हा आमचा आग्रह आहे.