फळ्यावर न लिहिलेली मजुरी

गावातल्या बायकांसाठी काहीतरी करायचं ठरलं, की तीन वस्तू हमखास पुढे येतात: साबण, मेणबत्ती, अगरबत्ती. आता त्यांना ‘नैसर्गिक’ हे विशेषण चिकटलं आहे, एवढाच फरक. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावी अशा तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला मी बसले होते. पहिला दिवस हारतुऱ्यांत गेला, तिसरा फोटो आणि प्रमाणपत्रांत. मधल्या दिवशी बाहेरून आणलेली साबणाची तयार लादी कापायची, वितळवायची, रंग-सुगंध घालून साच्यात ओतायची, हे शिकवलं. फळ्यावर हिशोब मांडला: लादी इतक्याची, सुगंध इतक्याचा, वेष्टन इतक्याचं, उरलेला नफा. बाईच्या मजुरीची ओळच नव्हती. मी विचारलं, तर उत्तर आलं, “ताई, घरचंच काम आहे, फावल्या वेळात होतं.”

कुणाचा फावला वेळ? याच बायका सकाळी खुरपायला जातात, लिंबं तोडतात, घरी येऊन पाणी भरतात. “निदान घराबाहेर तरी पडतात” असं कौतुकानं म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे शेताच्या बांधावर येऊन बघावं.

लादी वितळवणं म्हणजे साबण बनवणं नव्हे. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची प्रक्रिया होते तेव्हा साबण तयार होतो, आणि थंड पद्धतीनं केलेली वडी चार-सहा आठवडे सुकवावी लागते. कॉस्टिक कातडी जाळतो. हातमोजे, चष्मा, लेकरांपासून लांब अशी जागा लागते. ते शिकवायला वेळ लागतो, म्हणून शिकवत नाहीत. मग बाई लादीवाल्या व्यापाऱ्याचं कायमचं गिऱ्हाईक होते आणि अहवालात मात्र ‘उद्योजिका’. मेणबत्तीचंही तेच. पॅराफिन मेण खनिज तेलातून निघतं, त्यावर फुलाचं चित्र चिकटवलं म्हणून ते नैसर्गिक होत नाही.

सगळ्यांत संताप येतो तो कायद्याच्या बाबतीत. अंगाचा साबण १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली येतो. विक्रीसाठी बनवायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा, ठरावीक जागा हवी. तीन दिवसांत परवान्याचा ‘प’सुद्धा निघाला नाही. उद्या तपासणी झाली, कुणाच्या अंगावर पुरळ उठलं, तर जबाब द्यायला प्रशिक्षक येणार नाही, गटाची अध्यक्ष उभी राहील. बँकेचं कर्जही तिच्याच गटाच्या नावावर. नाबार्डनं १९९२ साली गट बँकांना जोडायला सुरुवात केली ती बाईला पत मिळावी म्हणून. व्यापाऱ्याला हुकमी गिऱ्हाईक मिळावं म्हणून नव्हे.

बायकांना उद्योग जमत नाही, असं मी म्हणत नाही. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. तिथं लाटणारी बाईच मालकीण आहे आणि लाटण्याचे पैसे आधी मोजले जातात.

श्रीगोंद्यात तर कच्चा माल दारात आहे. आमचं लिंबू लांबच्या बाजारांत जातं, आणि भाव पडला की बांधावर सडतं. त्याच्या सालीत सुगंधी तेल आहे. क्विंटलभर फळांतून ते काही शे ग्रॅमच निघतं, आणि साल दाबून काढलेलं तेल अंगाला लावून उन्हात गेलं तर चट्टे उठतात, म्हणजे हेही सोपं नाही. पण शिकवायचंच तर हे शिकवा. राहुरीचं कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे, ‘साई सरबती’ हे लिंबाचं वाण तिथलंच. तिथल्या लोकांना गावात बोलवा. एक सामाईक भट्टी, एक परवाना अनेक गटांत मिळून, आणि आधी ठरलेला खरेदीदार. बाग मात्र बहुतेकींच्या नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. तोडणारी ती, सातबाऱ्यावर तो. तेलाचे पैसे कुणाच्या खात्यात जमा होणार, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यायला हवं.

त्या गावी शेवटच्या दिवशी मागं बसलेल्या एका मावशींनी विचारलं, “पण बाई, हे विकत कोण घेणार?” सगळे हसले. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा वड्या घरोघरी आंघोळीला वापरून संपल्या होत्या. कर्जाचा हप्ता चालूच होता.