डीएनए चमकवणारा नारिंगी रंग: इथिडियम ब्रोमाइडची भीती किती खरी, किती ऐकीव?

बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थ्यांना प्रॅक्टिकलच्या पहिल्याच दिवशी एक तंबी मिळते: 'त्या बाटलीला हात लावू नका, कॅन्सर होतो.' बाटलीत असतं इथिडियम ब्रोमाइड, लॅबच्या भाषेत 'ईटीबीआर'. आता बाजारात 'सेफ' नावाचे नवे रंग आले आहेत आणि लॅब तिकडे वळत आहेत. पण जुना रंग खरंच इतका घातक आहे का? आणि नवे रंग खरंच सुरक्षित आहेत का?

हा रंग करतो काय?

डीएनए डोळ्यांना दिसत नाही. जेलमध्ये त्याचे तुकडे लांबीनुसार वेगळे केले, तरी ते कुठे थांबले हे कळायला खूण लागते. इथिडियमचा रेणू चपटा असतो. डीएनए ही पिळाची शिडी मानली, तर तो तिच्या दोन पायऱ्यांच्या फटीत जाऊन बसतो.

खरी गंमत पुढे आहे. पाण्यात असताना हा रेणू अतिनील प्रकाश शोषतो, पण ती ऊर्जा आजूबाजूच्या पाण्यात विरून जाते. डीएनएच्या फटीत पाण्यापासून आडोसा मिळतो. मग तीच ऊर्जा नारिंगी प्रकाश म्हणून बाहेर पडते, आधीपेक्षा सुमारे 20 पट जास्त. म्हणून जिथे डीएनए, तिथेच पट्टा चमकतो.

मग भीती कशाची?

जो रेणू डीएनएच्या आत घुसतो, तो डीएनएची नक्कल होताना चुका घडवू शकतो. जिवाणूंवरच्या एम्स चाचणीत, यकृतातले एन्झाइम्स मिसळल्यावर, इथिडियममुळे म्युटेशन झाल्याचं दिसलं. मात्र माणसाला यामुळे कॅन्सर होतो, याचा थेट पुरावा नाही.

दुसरी बाजूही आहे. हेच रसायन 'होमिडियम' नावाने 1950च्या दशकापासून आफ्रिकेत गुरांना टोचलं जातं, ट्रिपॅनोसोम या परजीवीमुळे होणाऱ्या रोगावर. डोस असतो किलोमागे साधारण 1 मिलिग्रॅम. म्हणजे 300 किलोच्या जनावराला 300 मिलिग्रॅम. लॅबमधल्या 50 मिलिलिटर जेलमध्ये, नेहमीच्या प्रमाणाने, फक्त 25 मायक्रोग्रॅम रंग असतो. फरक 12 हजार पटींचा.

याचा अर्थ ग्लोव्ह्ज काढून टाका असा नाही. गुरांना दिलेलं औषध आणि वर्षानुवर्षं लॅबमध्ये होणारा संपर्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय जेलमधला पातळ रंग वेगळा आणि कोरडी भुकटी वेगळी. भुकटी श्वासावाटे आत गेली तर ती अतिविषारी मानली जाते. म्हणून भुकटी तोलण्यापेक्षा तयार द्रावण विकत घेणं शहाणपणाचं.

'सेफ' म्हणजे किती सेफ?

नव्या रंगांमागे दोन युक्त्या आहेत. 'जेलरेड'सारख्या रंगाचा रेणू मुद्दाम मोठा केला आहे, म्हणजे तो पेशीच्या पडद्यातून सहज आत जाऊ नये. 'सायबर सेफ' निळ्या प्रकाशातही चमकतो, त्यामुळे अतिनील दिव्याची गरज उरत नाही.

पण डीएनएला चिकटणं हेच या सगळ्यांचं काम आहे. 'सायबर ग्रीन' हा रंग अतिनील किरणांमुळे होणारं नुकसान वाढवतो, असं ई. कोलाय जिवाणूंवरच्या प्रयोगात दिसलं आहे. त्यामुळे लेबल पाहून ग्लोव्ह्ज काढणं चूकच.

दुर्लक्षित धोका: दिवा आणि सिंक

रंगाला सगळे घाबरतात, पण जेल पाहण्याच्या अतिनील दिव्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्याची किरणं डोळ्यांना आणि त्वचेला भाजतात आणि ती थेट डीएनएची हानी करतात. यात शंकेला जागाच नाही. फेस शिल्डशिवाय त्यावर वाकून बँड कापणं ही बाटलीपेक्षा मोठी जोखीम आहे.

दुसरा प्रश्न कचऱ्याचा. उरलेल्या द्रावणात ब्लीच ओतून ते सिंकमध्ये सोडायची सवय अनेक ठिकाणी आहे. ब्लीचने रंग उडतो, पण तयार होणारे पदार्थही म्युटेशन घडवू शकतात. त्यापेक्षा ॲक्टिव्हेटेड चारकोलने रंग शोषून घेऊन तो चारकोल आणि जेल घातक कचऱ्यात देणं योग्य.

थोडक्यात, बाटली बदलल्याने लॅब सुरक्षित होत नाही. फेस शिल्ड, ग्लोव्ह्ज आणि कचऱ्याचा वेगळा डबा, हे तिन्ही आहेत का, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आधी विचारायला हवा.