गाडीबिडी : काच गेली, दार आलं!

कन्सेप्ट कारचं आणि लग्न जमवताना पाठवलेल्या फोटोचं अगदी सेम असतं. फोटो खोटा नसतो, पण स्टुडिओतला असतो. रोजच्या उजेडात मंडळी कशी दिसतात, ते नंतर कळतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये ऑटो एक्स्पोत टाटा मोटर्सनं 'सिएरा'ची इलेक्ट्रिक कन्सेप्ट दाखवली, तेव्हा तिशी-चाळिशीतली मंडळी जाम नॉस्टॅल्जिक झाली. आमच्या विश्रामबागेत तर विचारूच नका. इथं वालचंद इंजिनीअरिंग कॉलेज आहे, त्यामुळे चहाच्या दर दुसऱ्या टेबलावर एक तरी ऑटोमोबाइल एक्स्पर्ट बसलेला असतो. पुण्या-चाकणला नोकरी करणारी पोरं वीकेंडला घरी आली की चर्चेला आणखी ऊत. मुद्दा एकच : "ती काच राहणार का?"

काचेचा हा काय फंडा आहे? मूळ सिएरा १९९१ ची. पुण्यात बनलेली, टाटामोबाइल या पिकअपवर बेतलेली. दारं तीनच : दोन पुढे, एक पाठीमागे सामानाचं. मागच्या सीटच्या बाजूला मात्र भलीमोठी काच, थेट छताकडे वळत गेलेली. ती काच म्हणजेच सिएरा. रस्त्यावर तशी दुसरी गाडीच नव्हती.

पण बॉस, ती काच फिक्स होती. खाली होत नव्हती आणि तिथं दारही नव्हतं. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरायचं. चालवणाऱ्याची ऐट, पण साडी सांभाळत आत शिरणाऱ्या आईची आणि गुडघे धरून बसणाऱ्या आजोबांची कसरत.

२०२० च्या कन्सेप्टमध्ये वळणदार काच दिमाखात परत आली. २०२३ च्या एक्स्पोत तीच कन्सेप्ट पुन्हा आली ती रीतसर पाच दारं घेऊन. आणि २५ नोव्हेंबर २०२५ ला खरी सिएरा लाँच झाली, ११.४९ लाखांपासून, एक्स-शोरूम. कन्सेप्ट इलेक्ट्रिक होती, बाजारात आधी आली पेट्रोल आणि डिझेल. मागे बसणाऱ्यांना स्वतःचं दार मिळालं. काच? बाजूची मोठी खिडकी राहिली, पण छताकडे वळणारा भाग काळा ठेवून काच वर गेल्याचा नुसता भास केलाय.

ही फसवणूक म्हणायची का? अमेरिकेतल्या मसल कारवाल्यांनी हेच भोगलंय. जानेवारी २००६ मध्ये डेट्रॉइटच्या शोमध्ये डॉजनं १९७० च्या 'चॅलेंजर'ची आठवण जागवणारी कन्सेप्ट मांडली. बाजूच्या खिडक्यांच्या मध्ये खांबच नाही, पुढून मागपर्यंत सगळं मोकळं. सॉलिड लूक! २००८ मध्ये गाडी विकायला आली तेव्हा बाकी रूप बरंचसं तसंच, पण मध्ये खांब उभा. कारण बाजूनं धडक बसली, गाडी उलटली, तर तो खांब छत पेलतो आणि माणसं वाचवतो.

स्टेजवरच्या गाडीला क्रॅश टेस्ट द्यावी लागत नाही. तिला सांगलीचं मे महिन्यातलं ऊन नसतं. छतापर्यंत काच असेल तर आतलं भट्टीसारखं तापमान खाली आणायला एसीची काय हालत होईल, विचार करा. तिला स्पीडब्रेकर नाहीत, खड्डे नाहीत. वाकवलेली मोठी काच फुटली तर बदलायचा खर्च नाही. हे सगळं तुमच्या-आमच्या गाडीला आहे. म्हणून कन्सेप्टमधले पातळ आरसे जाड होतात, चाकं लहान होतात, खिडक्या आकसतात.

मला विचाराल तर दार आलं, याचं अजिबात वाईट वाटत नाही. काळ्या रंगानं काचेचा आव आणला, याचं थोडं वाटतं. पण आपल्यातल्या बहुतेकांची ही पहिली मोठी गाडी असते. ईएमआय पाच-सात वर्षांचा. तेवढ्या काळात ती एकट्यानं लाँग ड्राइव्हला किती वेळा जाणार, आणि आई-बाबांना घेऊन नरसोबाच्या वाडीला किती वेळा? आठवण ड्रायव्हरची असते, गाडी घरादाराची. महिंद्रानंही हे ओळखलं. २०२० ची तीन दारांची 'थार' पोरांना वेड लावून गेली, तरी ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची 'रॉक्स' आणावीच लागली.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत महिंद्रानं 'व्हिजन टी' वगैरे चार नव्या कन्सेप्ट दाखवल्या आहेत. म्हणजे ही चर्चा आपल्याला पुन्हा करायची आहे. तेव्हासाठी थोडं होमवर्क :

चाकं बघा. जाहिरातीतली मोठी चाकं टॉप व्हेरिएंटची असतात. सिएराची १९ इंची चाकंही तशीच. तुमच्या बजेटमधल्या गाडीला कोणती येतात ते विचारा, आणि नव्या टायरची किंमतही.

दार आणि काच बघा. कन्सेप्टमध्ये खांब नसेल, तर तो नंतर येणार असं धरूनच चाला.

किंमत बघा. एक्स-शोरूम आकड्यात रोड टॅक्स आणि इन्शुरन्स नसतो. ईएमआय काढायचा तो ऑन-रोड आकड्यावर.

आणि शोरूममध्ये जाताना आईला न्या. तुम्ही स्टिअरिंग धरून सेल्फी काढेपर्यंत तिला मागच्या सीटवर चढू-उतरू द्या. गाडी घ्यायची की नाही, ते तिच्या चेहऱ्यावर कळेल. कंपनीच्या डिझायनरनं पाच वर्षं घालवून जे ठरवलं, ते ती पाच मिनिटांत सांगेल!